हाताने लिहिलेली किंमत

स्क्रीनवर ते वाक्य उमटलं आणि पुण्याहून ऋत्विक हसला. हसू मोठं नव्हतं, नुसतं नाकातून आलेलं, हेडफोनमध्ये वारा शिरावा तसं. पण योगिनीचा हात कीबोर्डवरच थांबला. ऋत्विकला कंपनीत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. कंपनीचे लिनक्स सर्व्हर सांभाळायचं काम ती रत्नागिरीतल्या घरून करायची आणि तो पुण्याच्या ऑफिसातून, आणि सकाळच्या कॉलवर ती त्याला काही ना काही शिकवत असे. कुठल्याही मशीनला नवी पॅकेजं आणायला सांगण्याआधी ते मशीन स्वतःला काय समजतं ते विचारून घ्यावं, हे ती आज दाखवत होती. "पॅकेजं जिथून यायची त्या पत्त्यात दोन जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात," ती म्हणाली होती. "एका जागी मशीनने आपली आवृत्ती भरायची, दुसऱ्या जागी आपल्या प्रोसेसरची जात. या चलांच्या किंमती. त्यातली एक जरी चुकली तरी मशीन भलत्याच दारात जाऊन उभं राहतं आणि तिथे कोणी नाही म्हणून परत येतं." मग तिने आपल्याच लॅपटॉपवरच्या किंमती छापून दाखवल्या. सगळ्या बरोबर होत्या. पुढे तिने अद्ययावत करण्याची आज्ञा दिली, तेव्हा मशीनने मराठीत उत्तर दिलं: करण्याजोगे काही नाही.

"मॅडम, हे काय?"

"नथिंग टु डू. सगळं आधीच ताजं आहे म्हणतंय."

"ते कळलं हो. पण करण्याजोगे? असं कोण बोलतं? हे गूगलने केलं असणार."

"नाही. माणसाने केलंय."

"मग तो माणूस फारच रिकामा असणार."

"असेल," ती म्हणाली, आणि पुढच्या सर्व्हरकडे वळली. भाषा कालच बदलून ठेवली होती, आज दुपारनंतर नवऱ्याच्या, हर्षदच्या कॉलेजात कार्यक्रम आहे, तिथे हेच दाखवायचंय, असं सांगता आलं असतं. हे वाक्य मी केलंय, असंही. पण ते सांगायला तोंड उघडलं असतं तर त्यामागून आणखी काय काय आलं असतं याची तिला खात्री नव्हती, आणि कॉलवर आणखी दोघेजण होते.

कॉल संपल्यावर ती त्या वाक्याकडे बघत बसली. लग्नाआधीचं ते वर्ष तिला आठवलं की आधी कॉलेजातल्या लॅबच्या पडद्यांचा वास येई, ओलसर, खारट, न वाळलेल्या कपड्यांचा. तेव्हा ती शेवटच्या वर्षाला होती आणि हर्षद नुकताच तिथेच शिकवायला लागला होता. मुक्त सॉफ्टवेअर मराठीत आणायचं म्हणून देशभर कुणी कुणी कामं वाटून घेत होतं, त्यातलं पॅकेज व्यवस्थापकाचं, म्हणजे पॅकेजं आणून बसवणाऱ्या प्रोग्रॅमचं, काम हर्षदने मागून घेतलं. वर इंग्रजी वाक्य, खाली मोकळी ओळ. तो उत्साहाने सगळ्यांना गोळा करी, भाषण करी, चहा सांगे. आणि महिन्याभरात सगळे पांगले तेव्हा मोकळ्या ओळींपुढे ती एकटी उरली. त्या एका वाक्यावर तिने एक अख्खी दुपार घालवली होती. "काही करायचे नाही" म्हटलं तर आईने दटावल्यासारखं वाटे. "काही काम नाही" म्हटलं तर बेकारासारखं. तिला यंत्राच्या तोंडी अशी भाषा द्यायची होती की ते आळशी वाटू नये आणि उद्धटही वाटू नये. सगळं जागच्या जागी आहे, तुम्ही निवांत असा, एवढंच त्याने अदबीने सांगावं. करण्याजोगे हा शब्द सापडला तेव्हा ती उठून खिडकीशी गेली होती आणि उगाचच हसली होती. फायली वर चढवायचं खातं हर्षदचं होतं, कारण तिच्याकडे तेव्हा इंटरनेट नव्हतं; तो पेन ड्राइव्ह घेऊन जाई आणि चढवून येई. प्रत्येक फायलीच्या माथ्यावर अनुवादक म्हणून त्याचं नाव पडे. त्यालाच ते टोचलं होतं. "तुझं नाव घालूया ना गो," तो म्हणाला होता, आणि ती म्हणाली होती, "नाव कुणाचं का असेना." तेव्हा ती त्याच्या प्रेमात होती, आणि आपलं काही त्याच्या नावावर असणं ही तिला चोरून अंगावर घेतलेल्या शालीसारखी ऊब वाटली होती. ती ऊब खोटी नव्हती. हाच तर तिच्या रागातला काटा होता, की दोष द्यायला कुणी धड हाती लागत नव्हतं.

पुढे हर्षद व्याख्यानं देऊ लागला. तो बोलायचाही छान. सुरुवातीला म्हणे, "मी आणि योगिनीने." मग "आम्ही" म्हणू लागला. मग कधीतरी, कुठल्या सालात ते तिला सांगता आलं नसतं, त्याच्या "आम्ही"मधून ती निघून गेली आणि तो शब्द तसाच राहिला, मास्तर लोक स्वतःला म्हणतात तो "आम्ही" होऊन. त्यात कपट नव्हतं. तो तिच्यासाठी सकाळचा चहा करी, तिच्या कंपनीतल्या बढतीला त्याने शेजारपाजारी पेढे वाटले होते. फक्त एखादी वस्तू फार दिवस आपल्या घरात राहिली की ती कुणी आणली हे माणूस विसरतो, तसं झालं होतं.

जेवण उरकत होती तेवढ्यात त्याचा फोन आला. "योगिनी, जरा येतेस का? स्टेजवर जे मशीन ठेवायचंय ना, ते काही घेतच नाही. मराठीचं पॅकेज मागितलं की सापडत नाही म्हणतं. पाहुण्या आल्यात, रेस्ट हाउसवर आहेत. ऐन वेळी फजिती नको."

"चलांच्या किंमती बघितल्यास?"

"तू ये ना. तुला दोन मिनिटांचं काम."

रिक्षातून जाताना कॉलेजच्या फाटकाशी लावलेला फलक तिला दिसला. मराठी भाषा दिनानिमित्त सत्कार. संगणकाला मराठी शिकवणारे प्रा. हर्षद शेट्ये. फोटोत तो तरुण दिसत होता, चष्म्याशिवाय. फोटो दोघांचा होता, गणपतीपुळ्याला काढलेला. तिच्या खांद्याचा तुकडा कापायचा राहून गेला होता आणि कोपऱ्यात निळ्या कापडासारखा दिसत होता. रिक्षावाला म्हणाला, "सर आमच्या पोराला शिकवायला होते. लय भारी माणूस." ती म्हणाली, "हो." आणि खरंच होतं ते.

लॅबमध्ये दुपारी कोणी नव्हतं. पंखा लावला तशी धूळ हलली. तिने मशीन सुरू केलं, आज्ञा दिली, आणि चलांच्या किंमती एकाखाली एक उतरल्या. प्रोसेसरची जात बरोबर होती. आवृत्ती चुकीची होती; नुसती चुकीची नव्हे, किती तरी जुनी, जिचं कोठार केव्हाच रिकामं करून दुसरीकडे हलवलंय अशी. मशीन नव्या आवृत्तीचं होतं, पण रोज जुन्या पत्त्यावर जाऊन उभं राहत होतं. एरवी मशीनला आपली आवृत्ती विचारावी लागत नाही, ती त्याला ठाऊक असते. मात्र त्या चलाच्या नावाची फाइल जर कुणी हाताने लिहून ठेवली, तर मशीन स्वतःला जे ठाऊक आहे ते सोडून त्या फायलीवर विश्वास ठेवतं. तिने अशा फायलींचा फोल्डर उघडला. फाइल होती. आत एकच आकडा. आणि तो आकडा पाहताच तिच्या नाकात फिनेलचा वास शिरला.

टाळेबंदीचे दिवस होते. तिचे बाबा सरकारी दवाखान्यात होते आणि ती बाहेरच्या बाकावर. बाबा म्हणजे भिकाजी भाटकर, भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रावर अख्खा जन्म माडांना आळी करण्यात आणि रोपं बांधण्यात गेलेला माणूस. आता त्यांच्या तोंडात नळी होती. हर्षदचा फोन आला होता लॅबमधून. ऑनलाइन परीक्षा होत्या, मशीन अडलं होतं. बाकावर बसून, मास्कच्या आतून, अक्षर अक्षर सांगत तिने त्याच्याकडून ती फाइल लिहून घेतली होती. "हे तात्पुरतं आहे हां," ती म्हणाली होती. "परीक्षा झाल्या की काढून टाक." तो म्हणाला, "तू आहेस म्हणून बरं." मग थोडं थांबून, "बाबा कसे आहेत?" तिने सांगितलं, "झोपलेत." त्यानंतर पाचव्या की सहाव्या दिवशी ते गेले. मशीनची आवृत्ती पुढे दोनदा बदलली, पण तो आकडा तिथेच राहिला, तिच्याच आवाजात सांगितलेला, त्याच्या बोटांनी लिहिलेला.

हर्षद चहाचे दोन कप घेऊन आत आला. इस्त्रीचा कुडता घातला होता. "सापडलं?"

"आवृत्ती हाताने लिहून ठेवली होती. जुनी."

"कोणी?"

"तू."

त्याने भुवया उडवल्या, आठवून पाहिलं. "हां. पण तूच सांगितलं होतंस."

"तात्पुरतं म्हटलं होतं."

"तेच ते," तो हसला आणि कप तिच्या हाताशी ठेवला. "बरं झालं तू आलीस. चहा घे, गार होईल." तिने फाइल पुसली. पुन्हा किंमती छापल्या. आता मशीनने स्वतःची खरी आवृत्ती सांगितली, आणि पॅकेजं सुरळीत येऊ लागली. क्षणभर तिला वाटलं होतं, तशीच ठेवावी फाइल. स्टेजवर त्याने आज्ञा द्यावी आणि भरल्या सभागृहासमोर मशीनने काही सापडत नाही म्हणावं. पण ते तिच्या हातून झालं नसतं. चुकीची किंमत दिसली की तिची बोटं तिला विचारत नसत.

सभागृह भरलं होतं. तिला पहिल्या रांगेत बसवलं, गजरा दिला. सत्कार झाला, शाल झाली, श्रीफळ झालं. हर्षदने मशीनवर एकेक गोष्ट दाखवायला सुरुवात केली, मागच्या मोठ्या पडद्यावर मराठी अक्षरं सरकू लागली आणि मुलं टाळ्या वाजवू लागली. मग त्याने मुद्दामच असं एक पॅकेज मागितलं, की जे दुसऱ्या पॅकेजावर अवलंबून आहे आणि ते दुसरं कुठेच नाही. पडद्यावर उमटलं: आधार सापडला नाही. सभागृह खदाखदा हसलं. "सर, कार्ड घरी राहिलं काय?" मागून कुणीतरी म्हणालं. हर्षदही हसला आणि हात वर करून सगळ्यांना शांत केलं. पाहुण्या मुंबईच्या, भाषाशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्या माइककडे वाकून म्हणाल्या, "हा शब्द कार्डाच्या आधीचा आहे, होय ना? मला कुतूहल आहे. कोशात याला अवलंबन म्हणतात. तुम्ही आधार कसा निवडलात?"

योगिनीला भाट्याचं माहेर आठवलं. ती सात-आठ वर्षांची असेल, रात्री वादळ झालं होतं आणि सकाळी भाट्याच्या घरामागची पोफळ आडवी पडलेली. पोफळीवर चढवलेली मिरवेल तिच्याबरोबर खाली आली होती, चिखलात, पानं उलटी पडलेली. आई म्हणाली, गेली ती, तोडून टाका. बाबांनी वेल सोडवली, सबंध सोडवली, एकही डोळा मोडू न देता, आणि ओली वेल खांद्यावर टाकून परसभर फिरले, जागा बघत. मग पांगाऱ्याचा खुंट रोवला आणि सुंभाने बांधायला बसले. ती सुंभाचं टोक धरून उभी होती. "मेली नाय गो बाय ती," ते म्हणाले, तिच्याकडे न बघता. "आधार गेला तिचा. दुसरा दिला का धरंल." त्या सुंभाचे तंतू तिच्या तळहाताला टोचत होते. पुढे लॅबमध्ये या शब्दाच्या मोकळ्या ओळीपाशी आली तेव्हा तिच्यापुढे कोश होता, त्यात अवलंबन होतं, आणि तळहाताला टोचलं होतं. हे तिने फक्त हर्षदला सांगितलं होतं, लग्न ठरल्यावर, लॅबच्या पायऱ्यांवर.

हर्षद बोलू लागला. त्याने आवाज खाली आणला, जसा तो मुलांना काही मनातलं सांगताना आणायचा. "लांज्याला आमच्या घरामागे एक पोफळ होती," तो म्हणाला. "त्या पोफळीवर मिरवेल. एका वादळात पोफळ पडली. सगळे म्हणाले, वेलही गेली. पण घरातल्या एका जुन्या माणसाने ती वेल अलगद उचलली आणि मला म्हणाला, बाळा, वेल मरत नाही. तिचा आधार गेला आहे. तिला दुसरा आधार दिला, की ती पुन्हा धरेल." पाहुण्यांनी मान हलवली, त्यांचे डोळे भरून आले होते. "पुढे संगणकासमोर बसलो," हर्षद म्हणाला, "तेव्हा कोशातला शब्द मला लिहवेना." टाळ्या पडल्या. त्याचेही डोळे ओले होते.

ती त्याच्याकडे बघत होती. खोटं बोलताना माणूस कुठेतरी, निदान पापणीत, सावध असतो. त्याच्या तोंडावर सावधपणाचा लवलेश नव्हता. तो आठवत होता. त्याला ती पोफळ दिसत होती. लांज्याला त्याच्या घरामागे किराणा दुकानाचं गोदाम होतं आणि गोदामाला लागून एसटी स्टँडची भिंत. लग्नानंतर पहिल्या दिवशी मागचं दार उघडून तिने हिरवं काही दिसतंय का बघितलं होतं. उठून उभं राहायला फार लागत नव्हतं. माइकही लागला नसता, पहिलीच रांग होती. तिने गजऱ्याचं फूल चिमटीत धरलं. उभं राहून काय म्हणायचं? की ती वेल आमची? भरल्या सभेत नवऱ्याकडून मिरवेल परत मागायची? हसले असते लोक, तेही प्रेमाने. ती बसून राहिली आणि सगळ्यांबरोबर तिच्याही हातांनी टाळी वाजवली; त्या टाळीचा आवाज तिला स्वतंत्रपणे ऐकू आला.

चहाच्या वेळी पाहुण्या आपण होऊन तिच्याजवळ आल्या. "तुमच्या मिस्टरांना शब्दांचा कान आहे. तुम्हीही याच क्षेत्रात ना?"

"सर्व्हर बघते मी," योगिनी म्हणाली. "एका कंपनीचे."

"मग घरात दोघांचं छान जमत असेल."

"हो. जमतं."

परतताना हर्षदने गाडी घराकडे न वळवता भाट्याच्या पुलाकडे घेतली. तो खुशीत होता, मागच्या सीटवर शाल आणि नारळ होता, आणि त्याला वाऱ्यावर थोडं उभं राहायचं होतं. पूल ओलांडून त्याने सुरूच्या बनाशी गाडी थांबवली. उजेड अजून होता. समुद्र ओहोटीला लागला होता आणि ओल्या वाळूवर कुणाची तरी कुत्री पळत होती. केंद्राच्या कुंपणाआड माडांच्या रांगा दिसत होत्या, सरळ, मोजून लावलेल्या.

"तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं," तो म्हणाला. "बघितलं मी वरून."

"ती पोफळ लांज्याची नव्हती, हर्षद."

"कुठली?"

"मघाची. मिरवेलीची."

तो विचारात पडला. खरोखर पडला, तिला ते दिसलं; त्याच्या कपाळावर ती ओळखीची आठी आली. "होती की. मागच्या दाराला."

"मागच्या दाराला स्टँडची भिंत आहे."

"भिंत नंतर झाली ना?" मग तिच्या तोंडाकडे बघून त्याने हात पसरले, भांडण नको अशा प्रेमळपणाने. "बरं, तुमच्या इथली असेल. काय फरक पडतो गो? आपलंच ना सगळं."

आपलं. इतकी वर्षं हा शब्द तिने दोघांचं या अर्थाने ऐकला होता. स्वतःचं यालाही मराठीत आपलंच म्हणतात, आणि तो त्यातलं कुठलं म्हणतोय हे त्याला विचारून काही उपयोग नव्हता, कारण त्याच्या मनात ते दोन नव्हतेच. "बाबा होते ते," ती म्हणाली. "घरातलं जुनं माणूस नव्हे. माझे बाबा."

"हो गं, असतील," तो म्हणाला. "पुढच्या वेळी सांगेन तसं." आणि खरंच सांगितलं असतं त्याने, अधिक चांगल्या शब्दांत. फोन वाजला, कुणीतरी अभिनंदन करत होतं, आणि तो बोलत बोलत वाळूकडे निघून गेला.

ती गाडीला टेकून माडांकडे बघत राहिली. तो येईपर्यंत तरी आपलं आपल्यापाशी असावं म्हणून तिने डोळे मिटले आणि ती सकाळ समोर आणली. चिखल आला. आडवी पोफळ आली. बाबांचा उघडा, ओला खांदा आला, त्यावरची वेल आली. आता ते बोलतील म्हणून ती थांबली. आधी काय म्हणाले होते ते? मेली नाय की आधार गेला? धरंल शेवटी होतं, पण त्याच्या आधी? तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, खुंट, सुंभ, तळहात, आणि कान देऊन उभी राहिली. बाबांनी तोंड उघडलं. बाळा, ते म्हणाले, वेल मरत नाही. आयुष्यात त्यांनी तिला कधी बाळा म्हटलं नव्हतं. ते खांद्यावर वेल घेऊन उभे होते आणि हर्षदच्या आवाजात, स्वच्छ पुस्तकी मराठीत, सभागृहाला सांगत होते.